जास्तीचे पंख

रविवार, १ सप्टेंबर

आज परत तसाच फोटो आला!

टेकडीवर, पाण्याच्या टाकीमागच्या घाणेरीवर. मॉर्मन फुलपाखरू. काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. शटर हळू ठेवलं होतं. दाबलं, मागच्या पडद्यावर पाहिलं — धड एक आणि पंख किती तरी! एकावर एक, फिकट होत गेलेले. फुलपाखरू बसलेलंही दिसतं आणि उडालेलंही.

संस्कृतीने कॅमेरा माझ्या गळ्यातून ओढूनच घेतला. "ताई, हे लिटरली वेड लावणारं आहे! एडिट नाही ना?" एडिट कसलं. आमच्या रविवारच्या फोटोवाल्या मंडळींचा नियमच आहे, जी काय करामत करायची ती कॅमेऱ्यात करा. घरी जाऊन कॉम्प्युटरवर रंगवलेला फोटो दिसला की अभयराव म्हणतात, "पार्लरमधून आलाय वाटतं," आणि पुढे सरकतात. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. फ्यूज काढायची सवय गेलेली नाही. पण आज माझ्या फोटोपाशी थांबले. चष्मा कपाळावर चढवला. "फरहतताई, कसं केलंत ते सांगणार, की पेटंट घेतलंय?"

हसले. सांगितलं नाही.

घरी आल्यावर जिना चढताना लक्षात आलं, मी अजून हसतेच आहे. समोरच्या विमलाबाईंनी विचारलं, "काय हो, लॉटरी लागली का?" लागलीच म्हणायची. एवढी माणसं माझ्याभोवती गोळा झाल्याचं मला तरी आठवत नाही. लग्नांमध्ये गर्दी असायची, पण ती कॅमेऱ्याच्या पुढे. आमच्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नसे, म्हणून स्टुडिओवाले मला पाठवायचे. पुण्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत माझे अल्बम आहेत. मी त्यातल्या एकातही नाही.


मंगळवार, ३ सप्टेंबर

दिवसभरात दूधवाल्याशी बोलले. "एक की दोन?" "एक."


रविवार, ८ सप्टेंबर

गणपती बसले. शनिवार पेठेत रिक्षा मिळायची सोय नाही, नदीपर्यंत चालत गेले आणि पुढे बस. उशीर झाला. अभयराव घड्याळाकडे बघून म्हणाले, "फुलपाखरांना निरोप पाठवला होता थांबायला. एकच थांबलंय."

आज डबल एक्स्पोजर करून दाखवलं सगळ्यांना. जुनी युक्ती. काळ्या पुठ्ठ्यात बदाम कापायचा, तो भिंगापुढे धरून नवरीचा चेहरा घ्यायचा, मग उलटा पुठ्ठा धरून त्याच फिल्मवर गुलाब. गुलाबात नवरी! त्या काळी बायका वेड्या व्हायच्या त्या फोटोसाठी. मी तेच पुठ्ठे आणले होते. बदामाच्या जागी पान कापलं आणि पानात फुलपाखरू बसवलं. सगळ्यांनी करून बघितलं, सगळ्यांना जमलं. छान झालं, पण जमण्यासारखं होतं म्हणून जमलं. पंखांचं मात्र कुणालाच जमत नाही. आमोद नावाचा नवीन मुलगा तर शटर दाबताना कॅमेरा हिसडत होता. नुसता चिखल झाला चित्राचा.

इथे लिहायला हरकत नाही. दुसरं कोण वाचणार आहे?

तो परिणाम मी करत नाही. तो होतो. माझा हात थरथरतो.

उन्हाळ्यापासून. आधी चहाच्या बशीत कळलं, मग सुईत दोरा ओवताना. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आतलं फुलपाखरू एकसारखं लुकलुकत असतं. हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून या लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे, बाजूला त्याचं बटण आहे. ते चालू असतं तरी हे हाल! म्हणजे माझा हात त्या यंत्रालाही आवरत नाही. लेन्स सेकंडहँड घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "हिच्याने भूकंपात पण फोटो येईल." त्याने माझा हात पाहिला नव्हता.


गुरुवार, १२ सप्टेंबर

डॉक्टरांकडे गेले शेवटी. कागदावर गोल गोल काढायला सांगितलं. माझं गोल बघून म्हणाले, कंपवात नाही तो, घाबरू नका. साधी थरथर आहे, वयात येते, पुष्कळांना येते. रोज एक गोळी. आठवडा-दहा दिवसांत लागू पडेल. आपल्या मनाने बंद करायची नाही.

"घरी कोण कोण आहे?" विचारलं. म्हटलं, मी. पुढचा प्रश्न विचारायचा राहिला त्यांचा.


शनिवार, २१ सप्टेंबर

सुईत दोरा गेला! पहिल्या फटक्यात! काहीच शिवायचं नव्हतं, तरी तीन सुया ओवून ठेवल्या. कप काठोकाठ भरून खिडकीपर्यंत नेला. एक थेंब सांडला नाही. कुणाला तरी दाखवावंसं वाटत होतं. खाली गाडीवाला होता, त्याला काय दाखवणार.


रविवार, २२ सप्टेंबर

हात दगडासारखा स्थिर. म्हटलं, आता कशाला हवी ती कुबडी? स्टॅबिलायझरचं बटण बंद करून टाकलं. बॅटरीही वाचते. तोच मॉर्मन, तीच घाणेरी, शटर तेवढंच हळू.

पंख दोनच आले.

पुन्हा घेतला. पुन्हा दोनच. नीट, स्पष्ट, मिशांसकट. पासपोर्टचा फोटो! अशा फुलपाखराला बँकेत खातंसुद्धा उघडून देतील.

संस्कृतीने पाहिला. "छान आहे ताई." आणि लगेच आमोदच्या पडद्यावर वाकली. अभयरावांनी चष्मा डोळ्यावरच ठेवला. कुणी काही वाईट बोललं नाही. एरवी जसं बोलतात तसंच बोलले, डबे उघडले, मला पोह्यांवरचं लिंबू दिलं. पण उतरताना मी सगळ्यांच्या मागे होते आणि कुणी वळून बघितलं नाही. टेकडीवर यायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी जिथे होते, तिथेच परत आले.

गोळी गुणकारी आहे. थरथर गेली तसे पंखही गेले.


सोमवार, २३ सप्टेंबर

आज गोळी घेतली नाही.


शुक्रवार, २७ सप्टेंबर

आजही नाही. भाजी चिरताना बोट कापलं, थोडंसंच. बटण लावताना वेळ लागला. वेळ भरपूर आहे माझ्याकडे.


रविवार, २९ सप्टेंबर

थरथर आली परत, म्हणून बटणही चालू केलं — नाहीतर अगदीच चिखल व्हायचा. आणि आले! सगळेच्या सगळे आले! या वेळी रुईवरचं केशरी फुलपाखरू होतं. पंखामागे पंख, पंखामागे पंख, कडेला पार धूर झालेला. संस्कृती किंचाळली. वर फिरायला आलेल्या आजोबांनी विचारलं, साप निघाला का?

अभयरावांनी सगळ्यांदेखत सांगितलं. तेरा ऑक्टोबरला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दिवसभराचं शिबिर. पन्नासेक लोक येतील. 'कॅमेऱ्यातल्या करामती' — शिकवणार फरहतताई. "तुम्ही नाही म्हणायचं नाही. कारण मी बोर्ड लिहून टाकलाय. खडू वाया जाईल."

मी नाही म्हणाले नाही. मला कुणी काही शिकवायला बोलावलेलं नाही आजवर. लग्नात जेवायला बसवताना सुद्धा विसरायचे.

काय शिकवणार ते बघू. तोवर गोळ्या कपाटात.


बुधवार, २ ऑक्टोबर

कासिमचा फोन आला पहाटे. "आपा, पोरगी झाली! दोघी ठीक आहेत."

अलिझाला मुलगी! माझ्या धाकट्या भावाची, कासिमची, मुलगी अलिझा, पण कॉलेजची सगळी वर्षं माझ्याकडे राहिली. शहराबाहेरच्या मांजरीहून रोज येणं-जाणं परवडेना, म्हणून पेटी घेऊन माझ्याकडेच आली. याच खोलीत. रात्री दिवा चालू ठेवून वाचायची आणि मी ओरडायचे. ती गेल्यावर दिवा वेळेवर बंद होतो. लग्न झालं, हैदराबादला गेली. आता बाळंतपणासाठी आली आहे.

शनिवारी घरी आणणार आहेत. मी जाते म्हटलं. कासिम म्हणाला, जाते काय, तुझ्यावाचून काही होणारच नाही. असं का म्हणाला कुणास ठाऊक.


शनिवार, ५ ऑक्टोबर

मांजरीहून आले. अंगातले कपडे तसेच आहेत.

कासिमच्या सोसायटीत लिफ्टला आरसा आहे. त्यात हात पाहिला. आज जरा जास्तच थरथरत होता. ओढणीखाली धरला.

बाळ एवढंसं. नाक आमच्या अम्मीचं. अलिझा पलंगावर उशीला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला, खुशीने नुसती फुललेली. अलिझाच्या आईने, बिलकिसभाभीने, वाटीत खजूर मऊ कुस्करून ठेवला होता. घुट्टी द्यायची होती. आमच्यात बाळाच्या टाळूला पहिला गोड घास बोटाने लावतात. जो लावतो त्याच्या वळणावर मूल जातं म्हणतात, म्हणून माणूस बघून ठरवतात. कुणाला मौलाना लागतात, कुणाला घरातला शिकलेला काका.

कासिम म्हणाला, "आपा, तू दे. अलिझाचा हट्ट आहे. तीन दिवस पोरीला दुसऱ्या कुणाला लावू दिलं नाही."

अलिझा म्हणाली, "फुफीसारखी व्हायला पाहिजे ती मला."

माझ्यासारखी! जगात कुणाला तरी आपलं मूल माझ्यासारखं व्हायला हवं होतं. आणि मी ओढणीखाली उजवा हात डाव्या हाताने दाबून उभी होते. तो करंगळीएवढा जबडा, त्यात माझं बोट. नख लागलं असतं. बाळ हातातून निसटलं असतं. सगळ्यांना दिसलं असतं.

म्हटलं, "मला सर्दी झालीय. बाळाला नको."

अलिझाने माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज स्वच्छ होता. नाक स्वच्छ होतं. तिला मी एवढी वर्षं पाहतेय, तिनेही मला पाहिलंय. "बरं फुफी," म्हणाली. भाभीने बोट बुडवलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि लावलं. पोरीने मचमच केलं. सगळे हसले. मीही.

मांडीवर घे, असं मग कुणी म्हणालं नाही. सर्दी होती ना मला.

घुट्टी एकदाच असते.


रविवार, ६ ऑक्टोबर

टेकडीवर गेले नाही.

गोळी घेत राहिले असते तर काल हात स्थिर असता. साधा हिशेब आहे. शिबिर तेरा तारखेला आहे, म्हणून घेतली नाही. पंख यावेत म्हणून. लोकांनी म्हणावं, फरहतताई, कसं केलंत.

कुणी बोलवावं म्हणून इतकं धडपडावं, आणि जिने बोलावलं तिलाच नाही म्हणावं! काय म्हणावं या बाईला.


बुधवार, ९ ऑक्टोबर

अलिझाचा फोन नाही. मीही केला नाही. केला तर काय बोलणार — सर्दी बरी झाली?

दुपारी पुठ्ठे काढून बसले. बदाम, पान, लंबगोल. हात असा की कात्री सरळ चालेना. एक नवीन कापायला घेतला होता, फुलपाखराचा. वटवाघूळ झालं. एकटीच हसले. मग रडले थोडी. कुणी नसलं की दोन्ही एकदमच करता येतं.


रविवार, १३ ऑक्टोबर

झालं शिबिर.

कोथरूडच्या त्या हॉलमध्ये कालच्या दसऱ्याची तोरणं तशीच होती. लोक खरंच आले. बोर्डावर माझं नाव खडूने, आडनावासकट. सकाळी पुठ्ठे दाखवले, डबल एक्स्पोजर, काचेवर पाणी शिंपडून त्यातून फोटो, भिंग सैल धरून कडा धूसर करणं. सगळं जमलं. लोकांनी लिहून घेतलं! मी बोललेलं!

दुपारी बागेत पंखांचं. झेंडूवर एक साधं पिवळं फुलपाखरू होतं. मी घेतला, आला. लगेच सगळे, "कसं? कसं?"

म्हटलं, हात सैल सोडायचा. म्हटलं, श्वास सोडताना दाबायचं. म्हटलं, मनात पंख मोजायचे! काहीही सांगत होते. बिचारे पन्नास लोक झेंडूपुढे उकिडवे बसून श्वास सोडत होते. कुणाचा आला नाही. एक गृहस्थ कुजबुजले, "बाई खरं सांगत नाहीत." अगदी बरोबर बोलले.

अभयराव समारोपात म्हणाले, काही गोष्टी हातातच असाव्या लागतात. टाळ्या झाल्या. मला उठून जावंसं वाटलं.

संस्कृती स्कूटरवरून सोडायला आली. पुलावर सिग्नलला थांबलो. हात तिच्या खांद्यावर होता. ती म्हणाली, "ताई, तुमचा हात किती थरथरतोय. थंडी वाजतेय का?" आणि मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, गोळी, कपाट. घुट्टीसुद्धा. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या तरी ती हलेना.

"वेड्या आहात का तुम्ही?" एवढ्या जोरात म्हणाली की शेजारच्या बसमधला माणूस वाकून बघायला लागला. "फोटो गेला खड्ड्यात! गोळी घ्या ना!"

मलाही राग आला. म्हटलं, तुला काय जातं सांगायला. तुझ्याभोवती माणसं आहेत. माझ्याकडे तेवढा एक फोटो आहे, त्याच्यामुळे तुम्ही सगळे आहात.

तिने गाडी सुरू केली. दारात उतरवलं. मग म्हणाली, "लेन्स द्या मला दोन दिवस. मला बघू दे." दिली. आता नसली तरी काय. पुढच्या रविवारी मी जाणार नाही असं वाटतंय.


मंगळवार, १५ ऑक्टोबर

संस्कृती ऑफिसमधून थेट घरी आली. बूट न काढताच आत आली. तिच्या कॅमेऱ्याला माझी लेन्स लावून कॅमेरा माझ्या जेवायच्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. "आता बघा पडद्यावर. हात कुणाचाच नाही."

समोर साखरेचा डबा होता. पडद्यावर तो लुकलुकत होता.

तिने बाजूचं बटण बंद केलं. डबा थांबला. चालू केलं — परत लुकलुक. "कान लावा," म्हणाली. लावला. आत काहीतरी किरकिरत होतं. "स्टॅबिलायझर गेलाय ताई. तुम्ही घेतलीत तेव्हापासूनच गेला असणार. काल मी माझ्या हाताने शूट केलं. हे बघा." जास्वंदीवर एक मॉर्मन. पंखामागे पंख, पंखामागे पंख. चोवीस वर्षांच्या ठणठणीत हाताने काढलेले.

गोळीने पंख गेलेच नव्हते. त्या रविवारी बटण मी बंद केलं होतं. माझ्याच बोटाने.

अलिझाच्या लेकीची घुट्टी मी एका बिघडलेल्या लेन्सपायी घालवली!

संस्कृती पाणी घेऊन आली, कपाटातून गोळ्यांची पट्टीही. घेतली. लागू पडायला आठवडा जाईल. तेवढं थांबायचं नाही. उद्या सकाळच्या बसने मांजरीला जाते. अलिझाला हात दाखवते, सर्दी नव्हती म्हणून सांगते, आणि म्हणते, पोरीला माझ्याकडे दे. मी खाली सतरंजीवर बसते, तू मांडीवर ठेव. मांडी काही थरथरत नाही.